हाब्सबुर्गांच्या चार राजधान्या : मध्य युरोपच्या प्रवासाची आखणी

युरोपच्या सहलीची आखणी करताना बहुतेक कुटुंबे देशांच्या संख्येपासून सुरुवात करतात. दहा-बारा दिवसांत लंडन, पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, बर्न आणि रोम असा मार्ग ठरतो, आणि त्या दिवसांतला बराचसा वेळ बसमध्ये, विमानतळांवर व हॉटेलांत सामान बांधण्या-सोडण्यात खर्च होतो. राजधानीचे शहर हे शतकानुशतकांच्या राज्यकारभाराचे, लढायांचे, तहांचे आणि विद्याव्यवहाराचे साचलेले रूप असते. ते एका दुपारच्या धावपळीत पाहिले, तर छायाचित्रे हाती लागतात, पण शहर हाती लागत नाही. म्हणून राजधान्यांची निवड नकाशावरील प्रसिद्धीपेक्षा इतिहासाच्या एखाद्या समान सूत्रावरून करावी आणि ती शहरे रेल्वेने काही तासांच्या अंतरावर असावीत, हा निकष अधिक फलदायी ठरतो. या निकषावर प्राग, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा आणि बुडापेस्ट या चार शहरांइतका चांगला संच युरोपात क्वचितच सापडेल.

आज ही शहरे अनुक्रमे चेक प्रजासत्ताक, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरी या चार देशांच्या राजधान्या असली, तरी सुमारे चारशे वर्षे त्यांचे भवितव्य हाब्सबुर्ग या एकाच राजघराण्याशी बांधलेले होते. 1526 मध्ये मोहाचच्या लढाईत ऑटोमन तुर्कांशी लढताना हंगेरी व बोहेमिया या दोन्ही राज्यांचा तरुण राजा लुई दुसरा मारला गेला, त्याला वारस नव्हता आणि त्या रिकाम्या गादीवर ऑस्ट्रियाचा फर्डिनांड याने हक्क सांगितला, तेथून या एकत्रीकरणाला प्रारंभ झाला. 1541 मध्ये बुडा तुर्कांच्या ताब्यात गेल्यावर हंगेरीचा कारभार ज्या गावी हलवावा लागला, ते प्रेसबुर्ग म्हणजेच आजचे ब्रातिस्लाव्हा होय. 1867 मध्ये हंगेरीला बरोबरीचा दर्जा देणारा करार होऊन ऑस्ट्रिया-हंगेरी हे जोडराज्य निर्माण झाले आणि 1918 मध्ये पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ते लयाला गेले. एवढा सांगाडा मनात पक्का असला, की प्रागमधील एखाद्या खिडकीचा संबंध व्हिएन्नातील सम्राटाशी आणि ब्रातिस्लाव्हातील मनोऱ्यावरील मुकुटाचा संबंध बुडापेस्टच्या संसदेशी आपोआप जुळत जातो.

मार्गाची दिशा प्रागकडून बुडापेस्टकडे ठेवणे सोयीचे आहे. प्राग ते व्हिएन्ना हे अंतर थेट रेल्वेने सुमारे चार तासांचे, व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा सुमारे एका तासाचे आणि व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आसपासचे आहे. एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतण्याचे जे विमानतिकीट असते, ज्याला प्रवासव्यवसायात ‘ओपन जॉ’ म्हणतात, ते घेतले तर पुन्हा प्रागला येण्याचा एक दिवस आणि एक भाडे वाचते. विमान कंपन्यांच्या संकेतस्थळांवर ‘मल्टी-सिटी’ या पर्यायाखाली ते मिळते आणि साध्या परतीच्या तिकिटाहून ते नेहमीच महाग असते असे नाही. बारा रात्री हाती असतील, तर प्रागला तीन, व्हिएन्नाला पाच आणि बुडापेस्टला चार अशी वाटणी करावी व व्हिएन्नातील मुक्कामातला एक दिवस ब्रातिस्लाव्हाला द्यावा. मुक्कामाची ठिकाणे तीनच राहिल्याने वृद्ध आईवडील किंवा लहान मुले बरोबर असणाऱ्यांचे श्रम पुष्कळ कमी होतात. एवढ्या छोट्या मार्गासाठी युरेल पास, म्हणजे युरोपबाहेरील रहिवाशांना मिळणारा अनेक देशांचा रेल्वे परवाना, घेण्याची गरज नाही. रेल्वे कंपन्यांची सवलतीची तिकिटे काही आठवडे आधी काढली, तर ती बहुधा स्वस्त पडतात. मात्र अशी तिकिटे ठरावीक गाडीपुरतीच चालतात आणि गाडी चुकली तर वाया जातात, हे ध्यानात ठेवावे.

ऋतूचा विचार करता एप्रिलचा उत्तरार्ध ते जूनचा मध्य आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य हे दोन काळ उत्तम होत. त्यांपैकी पहिला महाराष्ट्रातील शाळांच्या उन्हाळी सुट्टीशी जुळतो, आणि मे महिन्यात अंधार पडायला रात्रीचे साडेआठ वाजून जातात, त्यामुळे संग्रहालये बंद झाल्यावरही पुलांवर व नदीकाठी फिरण्यास तीन-चार तास उरतात. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी व दर दोन्ही चढतात; शिवाय व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेरागृहाचा हंगाम सप्टेंबर ते जून असा असल्याने संगीतासाठी जाणाऱ्याची त्या दोन महिन्यांत निराशा होते. डिसेंबरमध्ये नाताळच्या बाजारांनी चौक उजळलेले असतात, पण दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि तापमान शून्याच्या आसपास असते. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहून ठेवावी: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तेथील घड्याळे एक तास मागे घेतली जातात, भारताशी असणारा साडेतीन तासांचा फरक साडेचार तासांचा होतो, आणि त्या दिवसापासून संध्याकाळ एकाएकी लवकर होते.

या प्रवासाचा कायदेशीर पाया म्हणजे शेंगेन व्हिसा. लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावी 14 जून 1985 रोजी झालेल्या करारातून परस्परांमधील सीमांवरची तपासणी काढून टाकणाऱ्या देशांचा गट तयार झाला; आज त्यात 29 देश आहेत आणि वरील चारही देश त्यांत असल्याने एकच व्हिसा पुरतो. कोणत्याही 180 दिवसांच्या अवधीत जास्तीत जास्त 90 दिवस राहण्याची मुभा तो देतो. अर्ज कोणत्या देशाकडे करावा याचा नियम स्पष्ट आहे: ज्या देशात सर्वाधिक मुक्काम असेल त्याच्याकडे, आणि मुक्काम समान असतील तर ज्या देशात प्रथम प्रवेश होणार असेल त्याच्याकडे. वर सुचवलेल्या वाटणीत व्हिएन्नाच्या पाच रात्री सर्वाधिक असल्याने अर्ज ऑस्ट्रियाकडे करावा लागतो, मग विमान प्रागला उतरणारे असले तरी हरकत नाही. एखाद्या देशाकडून व्हिसा लवकर मिळतो अशी ऐकीव माहिती घेऊन तेथील खोटी आरक्षणे दाखवण्याचा मोह काही जणांना होतो. तो कटाक्षाने टाळावा, कारण अर्जाची नोंद सामायिक संगणकीय यंत्रणेत राहते आणि नकाराची छाया पुढील प्रत्येक अर्जावर पडते.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी करावाच लागतो. परंतु उन्हाळी सुट्टीपूर्वी अर्ज केंद्रांवरील भेटीच्या वेळा झपाट्याने भरतात, म्हणून मे महिन्याच्या प्रवासाची तयारी जानेवारी-फेब्रुवारीतच सुरू करणे शहाणपणाचे. जून 2024 पासून प्रौढांसाठी शुल्क 90 युरो आहे, सेवा केंद्राचा आकार वेगळा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा. प्रवासी वैद्यकीय विमा किमान 30 हजार युरोंचा आणि सर्व शेंगेन देशांत लागू होणारा हवा. बँकेचे खातेउतारे, प्राप्तिकर विवरणपत्रे, नोकरदारांसाठी रजा मंजूर झाल्याचे पत्र, व्यावसायिकांसाठी नोंदणीचा दाखला, मुक्कामाची आरक्षणे व दिवसवार कार्यक्रम ही कागदपत्रे परस्परांशी जुळणारी असणे सर्वांत महत्त्वाचे असते. कार्यक्रमात व्हिएन्नाला पाच रात्री आणि हॉटेलच्या आरक्षणात चार, एवढी विसंगतीही प्रश्न उपस्थित करू शकते. या चौकडीला लंडन किंवा बेलग्रेड जोडण्याचा विचार असेल, तर ती शहरे शेंगेनबाहेर आहेत, ब्रिटनचा व्हिसा स्वतंत्र लागतो आणि बाहेर जाऊन परत येण्यासाठी एकाहून अधिक प्रवेशांची परवानगी आवश्यक ठरते, हेही आधीच तपासावे. ऑक्टोबर 2025 पासून बाह्य सीमेवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे व चेहऱ्याचे छायाचित्र नोंदवणारी पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली आहे, त्यामुळे पहिल्या विमानतळावर जोडविमान पकडायचे असल्यास हाती पुरेसा वेळ ठेवावा. देशादेशांतील सीमांवर नेहमीची तपासणी नसली तरी तात्पुरती तपासणी अधूनमधून होते, म्हणून रेल्वेतही पासपोर्ट जवळच असावा.

चार देशांत तीन चलने आहेत. ऑस्ट्रिया आणि 2009 पासून स्लोव्हाकिया युरो वापरतात, चेक प्रजासत्ताकात कोरुना आणि हंगेरीत फोरिंट चालतो. प्रागच्या जुन्या भागातील पैसे बदलून देणाऱ्या दुकानांचे दर पर्यटकांना चांगलेच महागात पडत असत; म्हणून 2019 पासून तेथील कायद्याने मर्यादित रकमेचा असा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे, पावती मात्र जपून ठेवावी लागते. त्याहून मोठी गळती कार्डाच्या यंत्रावर होते. रक्कम रुपयांत आकारू की स्थानिक चलनात, असे यंत्र विचारते. रुपयांचा पर्याय ओळखीचा वाटतो, पण त्यात दुकानदाराकडील मध्यस्थ स्वतःचा चढा दर लावतो. प्रत्येक वेळी स्थानिक चलन निवडावे आणि रोख रक्कम रस्त्यावरील सुट्या यंत्रांऐवजी बँकेच्या दारातील एटीएममधून काढावी.

प्रागमध्ये पहिल्या सकाळी जुन्या नगरचौकातील खगोलीय घड्याळाकडे जावे, पण तासाच्या ठोक्याला खिडक्यांतून फिरणाऱ्या प्रेषितांच्या बाहुल्यांसाठी जमणारी गर्दी ओसरल्यावर जावे. 1410 साली घडवलेल्या या यंत्राची खरी संपत्ती म्हणजे त्याची वरची तबकडी. तिच्या मध्यभागी पृथ्वी आहे, एका काट्यावर सोनेरी सूर्य व दुसऱ्यावर अर्धा काळा, अर्धा रुपेरी चंद्रगोल फिरतो आणि चंद्राची कला तो गोल स्वतःभोवती वळून दाखवतो. आत तिरके सरकणारे एक छोटे वर्तुळ आहे, त्यावर बारा राशींच्या खुणा असून सूर्य कोणत्या राशीत आहे ते तेथे वाचता येते. पंचांगाची सवय असलेल्या मराठी वाचकाला ही तबकडी इतर पर्यटकांपेक्षा लवकर उमगेल. फक्त ही गणना सायन आहे, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेली आहे, त्यामुळे सूर्याचा मेषप्रवेश तेथे 14 एप्रिलच्या सुमारास न दिसता 21 मार्चच्या सुमारास दिसतो. सर्वांत बाहेरच्या कड्यावरचे जुन्या वळणाचे आकडे सूर्यास्तापासून मोजलेले 24 तास दाखवतात आणि सूर्यास्ताची वेळ रोज बदलते म्हणून ते कडेही वर्षभर मागेपुढे सरकत असते. याच इमारतीच्या बाजूला फरसबंदीत 27 पांढरे क्रूस बसवलेले आहेत. 1618 मध्ये प्राग किल्ल्याच्या खिडकीतून सम्राटाच्या अधिकाऱ्यांना बाहेर फेकून प्रोटेस्टंट सरदारांनी बंड पुकारले, 1620 मध्ये शहराजवळच्या ‘पांढऱ्या टेकडी’वर त्यांचा पराभव झाला आणि 1621 च्या जूनमध्ये त्यांच्यापैकी 27 पुढाऱ्यांना या चौकात देहदंड देण्यात आला, त्यांची ही खूण आहे. युरोपला होरपळून काढणाऱ्या तीस वर्षांच्या युद्धाची ठिणगी त्या खिडकीत पडली, आणि ती खिडकी किल्ल्यातील जुन्या राजवाड्यात आजही पाहता येते.

किल्ल्याच्या आवारातील सेंट व्हिटस कॅथीड्रलचे बांधकाम 1344 मध्ये सुरू होऊन 1929 मध्ये पूर्ण झाले. किल्ल्याकडे 22 क्रमांकाच्या ट्रामने चढावे आणि परतताना चौथ्या चार्ल्सने 1357 मध्ये आरंभलेल्या, 516 मीटर लांबीच्या चार्ल्स पुलावरून उतरावे, म्हणजे चढणीचा त्रास वाचतो. पूल मात्र सकाळी सातपूर्वी पाहिला तरच त्यावरील तीस शिल्पांपुढे उभे राहायला जागा मिळते. यहुदी वस्तीतील पिंकास प्रार्थनागृहाच्या भिंतींवर नाझी राजवटीत मारल्या गेलेल्या बोहेमिया व मोराव्हियातील सुमारे 78 हजार यहुद्यांची नावे हाताने लिहिलेली आहेत, आणि ती वाचत जाताना आवाज आपोआप खाली येतो. यहुदी वस्तीतील ही स्थळे शनिवारी बंद असतात, म्हणून प्रागमधील तीन दिवसांत शनिवार येत असल्यास क्रम बदलावा. व्हेन्सेस्लास चौकात राष्ट्रीय संग्रहालयासमोर जमिनीतून उसळल्यासारखा दिसणारा एक कांस्य क्रूस आहे. सोव्हिएत आक्रमणाच्या निषेधार्थ जानेवारी 1969 मध्ये यान पालाख या विद्यार्थ्याने तेथे स्वतःला पेटवून घेतले होते. याच चौकात 1989 च्या नोव्हेंबरमध्ये जमलेल्या लाखोंच्या जनसमुदायाने रक्तपाताशिवाय साम्यवादी सत्ता संपवली.

व्हिएन्नाला पाच रात्री का द्याव्यात, याचे उत्तर रिंगस्ट्रासे या वर्तुळाकार राजमार्गावर मिळते. डिसेंबर 1857 मध्ये सम्राट फ्रान्झ जोसेफ याने शहराचा तट पाडण्याचा आदेश दिला, तटाबाहेरच्या मोकळ्या पट्ट्यातील जमिनी विकून निधी उभा केला आणि त्या निधीतून पुढील तीन दशकांत सार्वजनिक इमारतींची अशी माळ गुंफली, की जिच्यातील प्रत्येक इमारतीची शैली तिच्या कार्याशी जोडलेली आहे: संसद ग्रीक धाटणीची, कारण लोकशाहीचे मूळ अथेन्समध्ये मानले गेले, नगरभवन गॉथिक, कारण मध्ययुगीन स्वतंत्र नगरांचा तो वारसा, आणि विद्यापीठ प्रबोधनकालीन शैलीचे. मराठी वाचकाला हे वाचताना मुंबई आठवणे स्वाभाविक आहे, कारण 1860 च्या दशकात मुंबईच्या फोर्टचा तट पाडून मोकळ्या झालेल्या मैदानालगत उच्च न्यायालय, विद्यापीठ व सचिवालय उभे राहिले. दोन्ही स्थित्यंतरे जवळून पाहणारा एक विद्वानही होता. संस्कृत पंडित गेओर्ग ब्यूलर 1863 मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापक म्हणून आला, कीलहॉर्न या आणखी एका संस्कृत पंडितासह ‘बॉम्बे संस्कृत सीरीज’ ही ग्रंथमाला त्याने सुरू केली, आणि 1880 च्या दशकाच्या आरंभी तो व्हिएन्ना विद्यापीठात प्राध्यापक झाला, तेव्हा रिंगवरील विद्यापीठाच्या नव्या इमारतीचे काम चालू होते. भारतविद्येच्या अभ्यासात व्हिएन्नाला जे स्थान मिळाले त्याच्या पायाशी मुंबई इलाख्यातील ती सतरा-अठरा वर्षे आहेत. महाराष्ट्रातून जाणाऱ्या पर्यटकाने विद्यापीठाच्या कमानींच्या चौकात, जेथे प्राध्यापकांचे अर्धपुतळे ओळीने मांडलेले आहेत, अर्धा तास अवश्य काढावा.

रिंगवरील जुळ्या संग्रहालयांपैकी कलासंग्रहालयात पीटर ब्रॉयगेल या फ्लेमिश चित्रकाराच्या चित्रांचा जगातील सर्वांत मोठा संच एका दालनात आहे. 1565 मधील ‘बर्फातील शिकारी’ या चित्रासमोर बसण्याची सोय आहे, आणि तेथे बसून दूरवरच्या गोठलेल्या तळ्यावर घसरणाऱ्या नखाएवढ्या माणसांकडे सावकाश पाहिले, तर संपूर्ण संग्रहालय धावत पाहण्यापेक्षा अधिक समाधान मिळते. समोरच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात 1908 मध्ये विलेनडॉर्फ येथे सापडलेली, जेमतेम अकरा सेंटिमीटर उंचीची अश्मयुगीन स्त्रीमूर्ती आहे. बेल्व्हेडेर प्रासादातील चित्रकार क्लिम्टचे ‘चुंबन’ हे चित्र आणि शॉनब्रुन प्रासाद या दोन्ही ठिकाणी ठरावीक वेळेची तिकिटे आधी घ्यावीत. शॉनब्रुनच्या 1441 खोल्यांपैकी चाळीसच्या आसपास खोल्या पाहता येतात, आणि सहा वर्षांच्या मोत्सार्टने 1762 मध्ये मारिया थेरेसा राणीपुढे वादन केले ते याच प्रासादात. शेजारचे 1752 पासूनचे प्राणिसंग्रहालय जगातील आज चालू असलेल्यांत सर्वांत जुने आहे, त्यामुळे मुलांचा दिवस तेथे जातो.

व्हिएन्नाचे सर्वांत उदार स्थान मात्र तेथील सरकारी ऑपेरागृह होय. 1869 मध्ये सुरू झालेले, 1945 च्या बॉम्बवर्षावात बेचिराख झालेले आणि 1955 मध्ये पुन्हा उघडलेले हे नाट्यगृह महागड्या तिकिटांसाठी ओळखले जाते, परंतु तेथे उभ्याने ऐकणाऱ्यांसाठी चारशेहून अधिक जागा राखलेल्या आहेत आणि त्यांची तिकिटे प्रयोगाच्या दिवशी एखाद्या साध्या जेवणापेक्षा कमी पैशांत मिळतात. तळमजल्यावरील उभ्या जागा प्रेक्षागृहाच्या मागील बाजूस, ऐन मध्यभागी, उत्तम श्रवणस्थानी आहेत. प्रत्येक रांगेपुढे आडवा कठडा असतो. आत शिरलेला रसिक आपल्या जागी त्या कठड्याला रुमाल किंवा मफलर बांधतो, एवढ्याने ती जागा त्याची ठरते, आणि मग तो खुशाल बाहेर जाऊन कॉफी घेऊन येतो. त्या गाठीला कोणी हात लावत नाही. कठड्यावरच्या छोट्या पडद्यावर गायनाचा अनुवाद सरकत असल्याने कथा न कळण्याची भीती उरत नाही. तीन तास उभे राहणे ज्यांना जमणार नाही त्यांनी मध्यंतरापर्यंतचा पहिला भाग ऐकावा, पण व्हिएन्नाला जाऊन ही संध्याकाळ चुकवू नये.

शहरात फिरण्यासाठी भुयारी रेल्वे, ट्राम आणि बस यांना एकच तिकीट चालते. चारही शहरांत फलाटावर अडवणारी दारे बहुधा नसतात, त्याऐवजी तिकिटावर यंत्रातून वेळेचा शिक्का मारून घ्यावा लागतो; शिक्का नसलेले तिकीट हे तिकीट नसल्यासारखेच मानले जाते आणि साध्या वेशातील तपासनीस दंड वसूल करतात. ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, आणि मध्य युरोपातील अनेक संग्रहालये सोमवारी. नळाचे पाणी मात्र चारही शहरांत पिण्याजोगे आहे, व्हिएन्नात तर 1873 पासून ते आल्प्स पर्वतातील झऱ्यांवरून थेट आणले जाते.

ब्रातिस्लाव्हाला एक दिवस पुरतो. 1563 ते 1830 या काळात हंगेरीच्या राजांचे राज्याभिषेक येथील सेंट मार्टिन कॅथीड्रलमध्ये होत. 1741 मध्ये मारिया थेरेसाच्या मस्तकी मुकुट चढला तो येथेच, आणि म्हणून मनोऱ्याच्या टोकावर क्रूसाऐवजी सोन्याचा मुलामा दिलेली मुकुटाची प्रतिकृती आहे. जुना भाग पायी पाहून, फिकट निळ्या रंगाचे सेंट एलिझाबेथ चर्च गाठून, दुपारी बसने देव्हीनच्या पडक्या दुर्गावर जावे. तेथे मोराव्हा नदी डॅन्यूबला मिळते आणि पलीकडचा काठ ऑस्ट्रियाचा आहे. शीतयुद्धाच्या काळात या नदीकाठी काटेरी तारांचे कुंपण होते आणि पोहून पलीकडे जाऊ पाहणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या जात. त्यांचे स्मारक संगमाजवळ उभे आहे.

बुडापेस्ट हे शहर 1873 मध्ये बुडा, ओबुडा आणि पेस्ट ही गावे एकत्र करून तयार झाले, आणि शहराचा आजचा दिमाख बहुतांशी त्यानंतरच्या चार दशकांचा आहे. हंगेरियनांचे पूर्वज असलेल्या मग्यार टोळ्यांच्या आगमनाला 1896 मध्ये हजार वर्षे झाल्याचे मानून हंगेरीने आपल्या राजधानीला व्हिएन्नाच्या तोडीस आणण्याचा निश्चय केला. संसदेचा घुमट आणि सेंट स्टीफन बॅसिलिका या दोन्हींची उंची 96 मीटर ठेवण्यामागे तेच सहस्रक आहे. संसद आतून पाहण्याची तिकिटे बरीच आधी संपतात आणि युरोपीय संघाबाहेरील नागरिकांना ती अधिक दराने मिळतात. तरीही घुमटाखाली ठेवलेला, वरचा क्रूस एका बाजूला कललेला हंगेरीचा पवित्र मुकुट पाहण्यासाठी तो खर्च योग्यच आहे, विशेषतः ब्रातिस्लाव्हाच्या मनोऱ्यावरची प्रतिकृती आदल्याच आठवड्यात पाहिलेली असताना. संसदेपासून नदीच्या काठाने दक्षिणेकडे चालत गेल्यावर दगडी कट्ट्यावर लोखंडात ओतलेले साठ जोड जोडे दिसतात. 1944-45 च्या हिवाळ्यात ॲरो क्रॉस या फॅसिस्ट संघटनेच्या लोकांनी यहुद्यांना येथे जोडे उतरवायला लावून गोळ्या घातल्या आणि प्रेते डॅन्यूबमध्ये लोटली. त्या जोड्यांत टाचा झिजलेले कामगारांचे बूट आहेत, बायकांच्या चपला आहेत आणि लहान मुलांचेही जोडे आहेत. त्यांच्यात पाय घालून छायाचित्रे काढणारे पर्यटक अधूनमधून दिसतात. आपल्या मुलांना तेथे नेण्यापूर्वी हे काय आहे ते सांगितले, तर तसे होणार नाही.

1896 मध्येच सुरू झालेली पिवळ्या डब्यांची पहिली भुयारी रेल्वे युरोप खंडाच्या मुख्य भूमीवरील सर्वांत जुनी आहे आणि ती रस्त्याच्या इतकी जवळून धावते, की डझनभर पायऱ्या उतरताच फलाट येतो. तिने आंद्राशी मार्गाखालून सेचेनी स्नानगृहापर्यंत जावे. अभियंता विल्मोश झिग्मोंडी याने 1878 मध्ये पूर्ण केलेल्या 970 मीटर खोल विंधन विहिरीतून येथे सत्तर अंशांहून अधिक उष्ण पाणी लागले, आणि 1913 मध्ये सध्याची पिवळी वास्तू उघडली. प्रवेशाच्या वेळी मनगटावर बांधायला जो पट्टा मिळतो तीच कपाटाची किल्ली असते. पोहण्याचा पोशाख, टॉवेल आणि रबरी चपला स्वतःच्या न्याव्यात, लहान मुलांसाठीचे निर्बंध संकेतस्थळावर पाहावेत. उघड्यावरच्या उष्ण कुंडात छातीइतक्या पाण्यात उभे राहून वृद्ध हंगेरियन गृहस्थ कडेच्या पटावर तासन् तास बुद्धिबळ खेळत असतात. तुर्कांच्या दीडशे वर्षांच्या राजवटीची आठवण हवी असेल त्यांनी बुडाच्या बाजूचे, सोळाव्या शतकातील अष्टकोनी कुंड व घुमट असलेले रुदाश स्नानगृह पाहावे. या शहराचा भारताशीही दुवा आहे: चित्रकार अमृता शेरगिल हिचा जन्म 1913 मध्ये येथे झाला, आणि आंद्राशी मार्गाच्या टोकाशी असलेल्या फेरेंत्स हॉप संग्रहालयात आशियाई कलेचा संग्रह आहे. भारतीय पर्यटक तेथे फारसे फिरकत नाहीत, पण त्यांनी अवश्य फिरकावे.

शाकाहारी प्रवाशाला या भागात थोडी चौकसबुद्धी ठेवावी लागते, कारण भाजीच्या म्हणून मिळणाऱ्या सूपातही बहुधा मांसाचे पाणी असते आणि हंगेरीत तळणीला डुकराची चरबी वापरण्याची जुनी रीत आहे. प्रागमधील तळलेले चीज, ऑस्ट्रियातील चीज घातलेल्या पिठाच्या शेवया, म्हणजे श्पेट्झले, आणि बुडापेस्टचा मैद्याचा तळलेला लांगोश यांवर भूक भागते, तरी लांगोशसाठी कोणते तेल वापरले आहे ते विचारून घ्यावे. व्हिएन्नातील सबंध जर्दाळू पोटात घेऊन उकडलेली गोड गोळी हा उकडीच्या मोदकाचा दूरचा भाऊबंद असून उन्हाळ्याच्या आरंभी ती ताज्या फळाची मिळते. तिन्ही मोठ्या शहरांत भारतीय उपाहारगृहे आहेत, पण रोज तेथेच जेवल्यास कॉफीगृहांसाठी वेळ राहत नाही. आणि एका कॉफीवर, सोबत आलेल्या पाण्याच्या पेल्यासह, लाकडी दांडीला अडकवलेली वर्तमानपत्रे चाळत दोन तास बसू देणाऱ्या या संस्थेला ऑस्ट्रियाने 2011 मध्ये आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले आहे.

बारा रात्री सर्वांनाच शक्य नसतात. आठच रात्री हाती असतील, तर चारही शहरांतला वेळ कापत बसण्यापेक्षा प्राग पुढील खेपेसाठी राखून ठेवावे, विमान व्हिएन्नाला उतरवावे आणि व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा व बुडापेस्ट ही डॅन्यूबकाठची तीनच शहरे निवांतपणे पाहावीत.